दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेल्यास: नाकाबंदीपासून आरटीओपर्यंत काय, कोणत्या क्रमाने करावे

रात्री दीड वाजता घरी फोन येतो आणि पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "किती भरायचे आणि कुठे भरायचे?" हा प्रश्नच चुकीचा असल्यामुळे पुढची बहुतेक पावले चुकीची पडतात. हेल्मेट नसणे किंवा सीटबेल्ट न लावणे या गुन्ह्यांत पावती फाडून मोकळे होता येते, कारण मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० मध्ये तडजोडयोग्य गुन्ह्यांची जी यादी आहे, तिच्यात ते येतात. मद्यपान करून वाहन चालवण्याचे कलम १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे नाक्यावर, ई-चलानच्या संकेतस्थळावर किंवा लोकअदालतीत हे प्रकरण मिटत नाही. ते दंडाधिकाऱ्यांसमोरच जाते आणि लायसनचा विषय आरटीओत स्वतंत्रपणे चालतो.

पुढील टप्पे महाराष्ट्रातील चालकाला समोर ठेवून लिहिले आहेत. कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यातही मर्यादा आणि शिक्षा याच आहेत. फरक इतकाच की कळंगुटला पकडलेल्या पुणेकराला न्यायालयाची तारीख गोव्यातच गाठावी लागते.

टप्पा १: चावी हातात घेण्यापूर्वीचा हिशेब

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. आकडा त्याच्या वर गेला की गुन्हा होतो. चालक झुलत होता की सरळ चालत होता, गाडी नीट चालवत होता की नाही, हा प्रश्न त्यानंतर उरत नाही. "मला चढत नाही" हा बचावही त्यामुळे निरुपयोगी ठरतो, कारण न चढणे हा सवयीचा भाग आहे आणि यंत्र सवय मोजत नाही.

आता मोजमाप पाहू. आपल्याकडील व्हिस्की, रम किंवा व्होडका साधारणपणे ४२.८ टक्के तीव्रतेची असते, म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे ढोबळमानाने २० मिलिग्रॅमची भर पडते. दुसऱ्या पेगला तो मर्यादा ओलांडतो. पन्नास-पंचावन्न किलो वजनाची स्त्री पहिल्याच पेगला तीस ओलांडू शकते. बिअरबद्दलचा गैरसमज तर याहून मोठा आहे. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे चार छोटे पेग. "मी फक्त एक बिअर घेतली होती" असे पोलिसांना प्रामाणिकपणे सांगणारा माणूस यंत्रावर ७० किंवा ८० दिसल्यावर चक्रावतो तो यामुळेच.

उतरण्याचा वेग मात्र फारच मंद आहे. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम इतकेच अल्कोहोल रक्तातून कमी करते. काहींच्या बाबतीत हा वेग १०, तर काहींच्या बाबतीत २० असतो. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ किंवा उलटी यांनी तो वाढत नाही. रात्री एक वाजता पातळी १३५ असेल, तर सकाळी सातला ती सुमारे ४५ असते आणि आठला कशीबशी ३० वर येते. लग्नाच्या रात्रीची बैठक संपवून, चार तास झोपून, दात घासून आणि चहा पिऊन सकाळी सातला पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघालेला भाचा कायद्याच्या दृष्टीने मद्यपी चालक असू शकतो. त्याला तसे जराही वाटत नसते आणि घरातील कोणालाही त्याच्याकडून चावी काढून घ्यावी असे सुचत नाही. माझ्या मते ही सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी चूक आहे.

तपासून पाहा: घरून निघण्यापूर्वीच परतीची सोय ठरली आहे का? कॅब, न पिणारा चालक किंवा मुक्काम यांपैकी एक गोष्ट पहिला ग्लास भरण्याआधी पक्की असावी. तिसऱ्या ग्लासानंतर केलेला "आता मी ठीक आहे" हा अंदाज ज्या मेंदूने केलेला असतो, त्याच्यावरच अल्कोहोलचा अंमल असतो.

इशारा: गाडीमालकानेही लक्षात ठेवावे की कलम १८८ नुसार या गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य देणाऱ्यास तीच शिक्षा होऊ शकते. प्यायलेल्या मित्राच्या हातात जाणूनबुजून चावी देणे हे सौजन्य ठरत नाही. मुलगा अल्पवयीन असेल तर प्रकरण आणखी गंभीर होते, कारण कलम १९९अ नुसार पालक किंवा मालक दोषी धरला जाऊन त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

टप्पा २: नाकाबंदीत गाडी थांबवल्यावर

पुढे बॅरिकेड दिसल्यावर गाडी उलट फिरवणे, गल्लीत घालणे किंवा शेजारच्याशी जागा बदलणे यांतील कोणतीही गोष्ट करू नये. या हालचाली पोलिसांना लांबूनच दिसतात. कलम २०३ नुसार चाचणी मागण्यासाठी जो वाजवी संशय लागतो, तो अशा हालचालींनी आयताच मिळतो आणि भरधाव निसटताना कोणाला धक्का लागला, तर साधे प्रकरण गंभीर गुन्ह्यात बदलते.

क्रम असा ठेवावा. गाडी डावीकडे उभी करावी, इंजिन बंद करावे, आतला दिवा लावावा आणि काच खाली घ्यावी. कागदपत्रे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवली तरी चालतात. बोलणे मोजकेच असावे. नाव, पत्ता आणि कागदपत्रे यांबाबत सहकार्य करावे. परंतु किती प्यायलो, कुठे प्यायलो आणि कोणासोबत प्यायलो याची कहाणी स्वतःहून सांगत बसण्याची गरज नाही.

तोंडात बडीशेप, वेलची किंवा पान कोंबण्याने काही साधत नाही, कारण यंत्र वास घेत नाही. फुप्फुसातून येणाऱ्या हवेतील अल्कोहोल ते मोजते. अल्कोहोलयुक्त माउथवॉशचा परिणाम तर उलटा होऊन पुढची काही मिनिटे आकडा चढलेला दिसू शकतो.

इशारा: "साहेब, इथेच मिटवून टाका" हे वाक्य उच्चारू नये. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ८ नुसार लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पोलिसाच्या अंगावर धावून जाणे किंवा त्याला ढकलणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली येते आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. कलम १८५ मात्र जामीनपात्र आहे. सहा महिन्यांच्या मर्यादेतले प्रकरण पाच मिनिटांच्या रागापायी तुरुंगापर्यंत नेलेली माणसे प्रत्येक पोलीस ठाण्याला माहीत असतात.

टप्पा ३: फुंकण्याची चाचणी आणि तिची चिठ्ठी

चाचणी नाकारावी की द्यावी, याबद्दल मित्रमंडळींत जे शहाणपण फिरते ते बहुतेक चुकीचे असते. नकार दिल्यास पोलीस कलम २०३ नुसार विनावॉरंट अटक करू शकतात, कलम २०४ नुसार रक्ताचा नमुना मागू शकतात आणि कलम २०५ नुसार सबळ कारणाशिवाय दिलेला नकार खटल्यात चालकाच्या विरोधात धरला जाऊ शकतो. नकाराने पुरावा नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या वाटेने उभा राहतो.

चाचणीच्या वेळी पुढील गोष्टी या क्रमाने पाहाव्यात आणि शांतपणे विचाराव्यात.

१. यंत्राला नवीन फुंकनळी लावली आहे का? आपल्यासमोर पाकिटातून काढलेली नळी असावी.

२. फुंकण्यापूर्वी यंत्रावर शून्य दिसते आहे का?

३. शेवटचा घोट, माउथवॉश किंवा खोकल्याचे अल्कोहोलयुक्त औषध घेऊन पंधरा मिनिटे झाली आहेत का? झाली नसतील, तर तसे सांगून थोड्या वेळाने पुन्हा चाचणी घेण्याची विनंती करावी. तोंडात उरलेले अल्कोहोल तेवढ्या वेळात निवळते. रक्तातले निवळत नाही, त्यामुळे या विनंतीमागे पळवाट शोधण्याचा हेतू आहे असे कोणाला वाटण्याचे कारण नाही.

४. एकाच दमात, मध्ये न थांबता फुंकावे. गाल फुगवून हवा बाहेर सोडल्यास यंत्र नमुना अपुरा ठरवते आणि तिसऱ्यांदा तसे झाले की समोरचा अधिकारी त्याला टाळाटाळ समजतो.

५. छापील चिठ्ठीवरील तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, आकडा आणि आपले नाव वाचल्याशिवाय सही करू नये. एखादी गोष्ट चूक असेल तर सहीशेजारी तसे लिहावे. यंत्र शेवटचे कधी प्रमाणित केले हे विचारता येते. उत्तर मिळाले नाही तरी यंत्राचा क्रमांक टिपलेला असला की वकील तो तपशील न्यायालयामार्फत मागवू शकतो.

या चिठ्ठीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. ती उष्णतेने छापणाऱ्या कागदावर येते, एटीएमच्या पावतीसारखी. माझ्या एका परिचितांनी ती घडी घालून पाकिटात ठेवली आणि चार महिन्यांनी वकिलासमोर उलगडली, तेव्हा हातात पिवळट कोरा कागद होता. घडीच्या रेषेवर अर्धवट सहीची शाई तेवढी उरली होती. मिळाल्या रात्रीच चिठ्ठीचा फोटो काढावा आणि दुसऱ्या दिवशी झेरॉक्स करून ठेवावी.

टप्पा ४: पोलीस ठाणे, वैद्यकीय तपासणी आणि रक्ताचा नमुना

यंत्रावर मर्यादेपेक्षा जास्त आकडा आल्यावर पोलीस अटक करू शकतात किंवा हजर राहण्याची नोटीस देऊन सोडू शकतात. अटक झाली असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवावे, कारण कलम २०२ च्या परंतुकानुसार अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी व्हावी लागते. ती न झाल्यास चालकाला कोठडीतून सोडावे लागते. सोडले म्हणजे गुन्हा संपला असा मात्र याचा अर्थ नाही. खटला पुढे चालू शकतो.

अटकेचे कारण कळणे, नातेवाइकाला कळवले जाणे आणि वकिलाशी बोलता येणे हे हक्क येथेही लागू आहेत. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी असल्याखेरीज, अटक करता येत नाही. तिच्या रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेणार असतील तर त्या वेळी एक स्त्री हजर असणे कलम २०४ नुसार बंधनकारक आहे. अटकेत असलेल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळू शकतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

रक्त घेताना चालकाने आणि सोबत आलेल्या नातेवाइकाने तीन गोष्टींवर नजर ठेवावी. पहिली गोष्ट, हात पुसण्यासाठी स्पिरिटचा बोळा वापरलेला नसावा, कारण स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच आणि त्याचा अंश नमुन्यात गेला की वाद निर्माण होतो. दुसरी गोष्ट, रक्त सोडियम फ्लोराइड असलेल्या नळीत घेतले जावे, कारण तो परिरक्षक नसेल तर पडून राहिलेल्या रक्तात आंबण्याची क्रिया होऊन आकडा बदलू शकतो. तिसरी गोष्ट, नळीवर नाव, वेळ आणि सह्या असाव्यात आणि ती समोर सील व्हावी. मे २०२४ मधील पुण्याच्या कल्याणीनगर अपघातात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली होती. सीलची अडचण दोन्ही बाजूंनी येऊ शकते, हे त्या प्रकरणाने सर्वांना दाखवून दिले.

तपासून पाहा: ठाण्यातून निघताना हातात काय आहे? नोटिशीची किंवा जातमुचलक्याची (हजर राहण्याच्या लेखी हमीची) प्रत, गुन्ह्याचा क्रमांक, तपास अधिकाऱ्याचे नाव, जप्त वस्तूंची यादी आणि लायसनची पोच. यांपैकी जे नसेल ते दुसऱ्या दिवशी शुद्धीत येऊन मागावे. रात्री भांडून ते मिळत नाही.

टप्पा ५: गाडी आणि लायसन

गाडीसाठी न प्यायलेला, वैध लायसन असलेला माणूस बोलावावा. असा माणूस वेळेत आल्यास गाडी त्याच्या ताब्यात देण्याची विनंती करता येते. अन्यथा ती ठाण्यात जाते. निघण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि आतील मौल्यवान वस्तू काढून घ्याव्यात. मदतीला आलेला मित्र त्याच बैठकीतून उठून आलेला नसावा. हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

लायसनची गोष्ट अधिक नाजूक आहे. कलम २०६ च्या उपकलम ४ नुसार पोलीस लायसन जप्त करून परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, पाठवतात आणि तात्पुरती पोच देतात. लोक ती पोच पाकिटात ठेवून दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवू लागतात. कायद्यात याबाबत स्पष्ट शब्द आहेत: लायसन परत मिळेपर्यंत त्या पोचेवर वाहन चालवण्याचा अधिकार नाही. डिजिलॉकरमध्ये जुनी प्रत दिसते म्हणून ती दाखवणेही धोक्याचे आहे, कारण लायसनच्या स्थितीची नोंद सारथी या लायसनच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत होते आणि ती कोणत्याही नाक्यावर तपासता येते.

इशारा: "लायसन हरवले" असे लिहून दुय्यम प्रतीसाठी अर्ज करू नये. एजंट हा मार्ग सहज सुचवतात. तो खोट्या प्रतिज्ञेचा मार्ग आहे आणि त्यावर सही एजंटाची नसते, अर्जदाराची असते.

टप्पा ६: न्यायालय

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची रचना २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. "दहा हजार भरायचे" हे लोकांच्या डोक्यात बसलेले वाक्य यातील मधलाच तुकडा उचलते. कारावासाचा पर्याय न्यायाधीशांसमोर पहिल्या गुन्ह्यातही असतो.

न्यायालयात जाण्याची तयारी अशी करावी. नोटिशीवरील न्यायालयाचे नाव, दालन आणि तारीख नीट वाचावी, कारण मोठ्या शहरांत एकाच पोलीस ठाण्याची प्रकरणे कोणत्या इमारतीत चालतात हे ऐनवेळी शोधत फिरणारे लोक दर तारखेला दिसतात. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) मिळाला की पुढील तारखा स्वतः पाहता येतात. ओळखपत्र, यंत्राच्या चिठ्ठीची प्रत, नोटीस, लायसनची पोच आणि दंडाइतकी रक्कम सोबत असावी. वकील आदल्या दिवशी गाठावा. न्यायालयाच्या फाटकात कोट घातलेल्या अनोळखी माणसाने "पाच मिनिटांत काम करून देतो" म्हटल्यावर तिथेच वकीलपत्रावर सही करू नये.

यानंतर खरा निर्णय येतो: गुन्हा कबूल करायचा की खटला लढवायचा. कबुली दिल्यास प्रकरण बहुधा त्याच दिवशी निकाली निघते, म्हणून बहुतेक लोक तीच वाट धरतात. तसे करणे अनेकदा योग्यही असते. परंतु कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि ती नोंदीत राहते. पुढे कधीही दुसऱ्यांदा पकडले गेल्यास हीच नोंद त्या प्रकरणाला "दुसरा गुन्हा" बनवते आणि कलम २२ नुसार दुसऱ्या दोषसिद्धीनंतर न्यायालयाला लायसन रद्द करावेच लागते. चाचणीत खरोखर दोष असेल, आकडा मर्यादेच्या अगदी काठावर असेल, नमुन्याच्या वेळा जुळत नसतील किंवा गाडी आपण चालवतच नसू, तर कबुली देण्यापूर्वी वकिलाला सर्व कागद दाखवून मत घ्यावे. दोष नसताना निव्वळ तारखा वाढवण्यासाठी लढणे मात्र खर्चाचे आहे, आणि हे मत मी वकिलांच्या नाराजीची शक्यता धरून नोंदवतो.

निकालानंतर दोन कागद घेतल्याशिवाय इमारतीतून बाहेर पडू नये: दंड भरल्याची पावती आणि आदेशाच्या सर्टिफाइड कॉपीसाठी केलेल्या अर्जाची पोच. आरटीओ, विमा कंपनी आणि पुढे कधी व्हिसा अधिकारी यांपैकी कोणीतरी हा आदेश नक्की मागतो.

इशारा: चार-सहा महिने समन्स आले नाही म्हणून प्रकरण विरले असे समजू नये. पहिल्या गुन्ह्यासाठी न्यायालयाला दखल घेण्यास एक वर्षाची मुदत असते. पत्ता बदलला असेल तर तो ठाण्यात कळवावा. जुन्या पत्त्यावर गेलेले समन्स परत आले की पुढची पायरी वॉरंटची असते, आणि भाड्याची घरे बदलणाऱ्या तरुणांच्या बाबतीत हे नेहमी घडते.

टप्पा ७: आरटीओतील कारवाई

न्यायालयात दंड भरला की लायसन आपोआप परत मिळते, ही समजूत चुकीची आहे. कलम १९ नुसार परवाना प्राधिकारी चालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन स्वतंत्र आदेश काढतो. पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची अपात्रता आणि पुन्हा गुन्हा झाल्यास लायसन रद्द, असा हा क्रम आहे. दोषसिद्धी झाल्यास न्यायालयालाही कलम २० नुसार किमान सहा महिन्यांची अपात्रता स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

कारणे दाखवा नोटिशीला लेखी उत्तर द्यावे. चालकाचा पोटापाण्याचा व्यवसायच गाडीवर असेल, पूर्वीचा इतिहास स्वच्छ असेल किंवा चाचणीवर लेखी आक्षेप घेतलेला असेल, तर ते त्या उत्तरात लिहावे. उत्तरच न दिल्यास आदेश एकतर्फी निघतो. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. अपात्रतेचा काळ कोणत्या तारखेला सुरू होतो हे आदेशातच पाहावे. पोलिसांनी लायसन घेतल्याची तारीख धरून बोटांवर मोजलेले तीन महिने अनेकदा चुकतात. निलंबन संपल्यावर रिफ्रेशर प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, म्हणून त्याची चौकशी शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवू नये.

तपासून पाहा: पुन्हा गाडी चालवण्यापूर्वी सारथीवर लायसनची स्थिती वैध दिसते का? प्लास्टिकचे कार्ड हातात आले पण नोंद अजून निलंबितच राहिली, असे होऊ शकते. अपात्र असताना वाहन चालवल्यास कलम १८२ नुसार तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि त्या काळात अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

टप्पा ८: अपघात झालेला असल्यास

येथे वरील सर्व क्रम मागे पडतो आणि जखमी माणूस पहिला येतो. गाडी थांबवावी, १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवावेत आणि जागेवरच थांबावे. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्यच आहे. जमाव अंगावर येत असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः हजर व्हावे. घरी जाऊन झोपणे आणि सकाळी वकिलासोबत येणे ही युक्ती आता फारशी चालत नाही, कारण हॉटेलचे बिल, यूपीआयचा व्यवहार आणि रस्त्यावरील कॅमेरे आदल्या रात्रीची वेळ सांगतात. अपघातानंतर "धक्क्याने घरी येऊन प्यायलो" हा बचावही त्याच नोंदींपुढे टिकवणे कठीण जाते. चालक बदलून दाखवण्याचा विचार तर मनातही आणू नये. त्यात ड्रायव्हरचे कुटुंब आणि मालकाचे कुटुंब अशी दोन घरे अडकतात.

मृत्यू झाल्यास कलम १८५ हे प्रकरणातील सर्वांत लहान कलम उरते. भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. परंतु परिणामाची जाणीव असूनही गाडी चालवली असे दिसल्यास कलम १०५ लागू होऊ शकते आणि तेथे दहा वर्षांपर्यंत कारावास आहे. हा धोका केवळ पुस्तकी नाही. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली सापडून मेले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी आणि तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली.

विम्याचे दोन भाग वेगळे समजून घ्यावेत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते आणि त्यासाठी श्वासचाचणीचा अहवाल असलाच पाहिजे असेही नाही. दिल्लीतील एका पोर्शे गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये परिस्थितीजन्य पुराव्यावर कंपनीचा नकार मान्य केला, आणि तेथे चाचणी झालेलीच नव्हती. तिसऱ्या व्यक्तीच्या भरपाईत मद्यपान हे कंपनीला कलम १५० खाली मिळणारे बचावाचे कारण आहे. त्यामुळे कंपनीने पीडिताला रक्कम दिली तरी ती नंतर मालकाकडून वसूल करू शकते. दावा अर्जात मद्यपानाविषयी खोटे लिहिणे हा आणखी वेगळा गुन्हा आहे. अर्ज भरण्यापूर्वी वकिलाला दाखवावा.

टप्पा ९: पुढील काही वर्षांचे कागद

नोकरीचे अर्ज, पोलीस पडताळणी, पासपोर्ट आणि व्हिसा यांच्या फॉर्ममध्ये फौजदारी प्रकरणाचा प्रश्न येतो आणि लोक सवयीने "नाही" वर खूण करतात. अमेरिकेच्या बिगरस्थलांतरित व्हिसाचा डीएस-१६० अर्ज दोषसिद्धीइतकाच अटकेबद्दलही विचारतो. उत्तर "होय" असल्यास न्यायालयाचा आदेश आणि दंडाची पावती जोडून खरे तेच लिहावे. दहा हजार रुपये दंडाच्या जुन्या प्रकरणाचे स्पष्टीकरण देता येते, लपवाछपवीचे देता येत नाही. प्रत्येक फॉर्ममधील प्रश्नाचे शब्द वेगळे असतात. कुठे "प्रलंबित प्रकरण" विचारलेले असते, कुठे "दोषसिद्धी" आणि कुठे "अटक". ज्याला नुसती नोटीस देऊन सोडले होते, त्याचे तिन्ही ठिकाणचे उत्तर एकच असेल असे नाही. म्हणून नोटीस, चिठ्ठीची झेरॉक्स, न्यायालयाच्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी, दंडाची पावती, आरटीओचा आदेश आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावावे आणि त्याच क्रमाने स्कॅन करून घरातल्या आणखी एका माणसाकडे एक प्रत ठेवावी.